मोजणारा माणूस आधी : पीक कापणीपासून देशांच्या सांख्यिकी सहकार्यापर्यंत



पाचवीला परिमिती आणि क्षेत्रफळ शिकवताना आपण फळा, वही, फार तर वर्गाची खोली मोजतो. आज त्याच घटकाचं बोट धरून जरा लांब जाऊ या. देशाला आपली लोकसंख्या, पीक, भाव, शाळेतली मुलं नीट मोजता यावीत म्हणून शेजारचे देश एकत्र बसून नियोजन करतात. कागदोपत्री त्याला 'सांख्यिकी क्षमता विकास' म्हणतात. शब्द जड आहे खरा, पण ही गोष्ट आपल्या शेताच्या बांधावरूनच सांगता येते, आणि तिच्यात एका मराठी माणसाचा मोठा वाटा आहे.

पीक कापणी प्रयोग आपल्या जालना जिल्ह्यातल्या मुलांनी पाहिलेला असतो, निदान घरी ऐकलेला तरी असतो. सोयाबीन काढणीला आलं की तलाठी, ग्रामसेवक किंवा कृषी सहायक गावात येतात. शेत कोणाचं घ्यायचं हे त्यांच्या मनावर नसतं, यादृच्छिक पद्धतीने आधीच निवडलेलं असतं. शेतात दोरी टाकून चौकोन आखतात, बहुतेक पिकांना 10 मीटर बाय 5 मीटर. तेवढंच पीक कापायचं, मळायचं, वजन करायचं. अशा अनेक शेतांवरून त्या भागाचं सरासरी उत्पादन निघतं, आणि पीक विम्याची भरपाई ठरवताना हा आकडा कामाला येतो. म्हणजे दोरी कशी धरली, यावर एखाद्या घरातल्या दिवाळीचा खर्च अवलंबून असतो.

चौकोन एवढा मोठा कशाला? 1 मीटर बाय 1 मीटरचा घेतला तर काम पटकन होईल की! हाच प्रश्न 1940च्या दशकात मोठ्या वादाचा झाला होता. एका बाजूला होते प्रशांतचंद्र महालनोबिस, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे संस्थापक. बंगालमध्ये त्यांनी नमुना पाहणीची फार मोठी कामं उभी केली. पीक मोजायला ते काही फूट त्रिज्येची लहान वर्तुळं वापरत. दुसऱ्या बाजूला होते पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म 1911, सातारा जिल्ह्यातलं बुध हे गाव. फर्ग्युसन कॉलेजात गणित, मग लंडनला संख्याशास्त्र, आणि 1940 पासून दिल्लीला कृषी संशोधन परिषदेत. सुखात्म्यांचं म्हणणं होतं की लहान तुकडा घेतला तर उत्पादन फुगून दिसतं, कारण कडेवरची झाडं कापणाऱ्याच्या हातून आत ओढली जातात.

हे पटवायला उच्च गणित लागत नाही, पाचवीचं पुरतं. समजा कापणारा चारही बाजूंनी फक्त 10 सेंटिमीटर जास्त घेतो. 1 बाय 1चा चौकोन 1.2 बाय 1.2 होतो. क्षेत्रफळ 1 चौरस मीटरऐवजी 1.44, म्हणजे 44 टक्के जास्त. आता तीच चूक 10 बाय 5च्या चौकोनात करा. 10.2 गुणिले 5.2 म्हणजे 53.04 चौरस मीटर. 50च्या तुलनेत 6 टक्क्यांच्या आसपास जास्त. चूक तेवढीच, परिणाम सातपट कमी! लहान चौकोनाला प्रत्येक चौरस मीटरमागे 4 मीटर कड आहे, मोठ्याला 0.6 मीटर. परिमिती आणि क्षेत्रफळ यांचं नातं कशाला शिकायचं, असं विचारणाऱ्या मुलाला माझ्या मते याहून चांगलं उत्तर नाही.

वादाचा दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मोजायचं कोणी? महालनोबिसांना या कामासाठी खास नेमलेले, स्वतंत्र पाहणी करणारे हवे होते. सुखात्मे म्हणत, गावागावात महसूल आणि शेती खात्याचा माणूस आधीच आहे, त्यालाच प्रशिक्षण द्या आणि वरून तपासणी ठेवा. पिकांच्या बाबतीत देशभर सुखात्म्यांची रीत रुजली. पण महालनोबिस चुकीचे होते असं म्हणता येणार नाही. 1950 पासून सुरू झालेली राष्ट्रीय नमुना पाहणी अशा पूर्णवेळ माणसांच्या जोरावरच नावाजली गेली. ज्याच्याकडे आधीच दहा कामं आहेत त्याच्या हातात अकरावा तक्ता दिला की काय होतं, हे शिक्षकांना कोणी समजावून सांगायची गरज नाही.

याच सुमाराला आशियात नवे स्वतंत्र देश उभे राहत होते. योजना आखायच्या तर आकडे हवेत, आणि आकडे गोळा करायला शिकलेली माणसं तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. प्रत्येक देशाने आपापलं मोठं विद्यापीठ काढायचं म्हटलं असतं तर एक पिढी गेली असती. म्हणून 1950 मध्ये कोलकात्यात आंतरराष्ट्रीय सांख्यिकी शिक्षण केंद्र सुरू झालं. आंतरराष्ट्रीय सांख्यिकी संस्था आणि महालनोबिसांची संस्था यांनी ते मिळून चालवलं, युनेस्को आणि भारत सरकार पाठीशी होतं. दक्षिण आणि आग्नेय आशिया, पश्चिम आशिया, आफ्रिका इथल्या सरकारी सांख्यिकी खात्यांतले कर्मचारी तिथे येऊन शिकू लागले. सुखात्मे 1951 मध्ये रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत गेले आणि 1970 पर्यंत तिथल्या सांख्यिकी विभागाची धुरा त्यांनी सांभाळली. सुखात्मे आणि विनायक गोविंद पानसे यांनी मिळून लिहिलेलं शेती संशोधकांसाठीच्या संख्याशास्त्राचं इंग्रजी पुस्तक 1954 साली आलं, ते पुढे कित्येक वर्षं शेती महाविद्यालयांत वापरलं गेलं. 1970 मध्येच जपानच्या मदतीने टोकियोत आशिया-पॅसिफिकसाठी संयुक्त राष्ट्रांची सांख्यिकी संस्था निघाली. आज ती चिबा शहरात आहे आणि तिचं काम तेच, सरकारी सांख्यिकी कर्मचाऱ्यांना शिकवणं.

पॅसिफिक महासागरातला तुवालू देश घ्या. लोकसंख्या 11 हजारांच्या आसपास. आपल्या जिल्ह्यात 2011च्या जनगणनेत साडेएकोणीस लाख माणसं होती, म्हणजे तुवालूएवढी वस्ती आपल्याकडे एखाद्या मोठ्या गावात असते. पण देश म्हटला की जनगणना हवी, महागाईचा निर्देशांक हवा, जन्ममृत्यूची नोंद हवी. नमुना निवडणारा तज्ज्ञ कायमचा पगारावर ठेवणं अशा देशाला कसं परवडणार? म्हणून तिथल्या बेटांची मिळून एक संघटना आहे, मुख्यालय न्यू कॅलेडोनियातल्या नुमेआ शहरात. सांख्यिकी तज्ज्ञ तिच्याकडे असतात आणि गरजेप्रमाणे देशादेशांत मदतीला जातात. आपल्याला हे ओळखीचं वाटेल. दोन शिक्षकी शाळेला इंग्रजीचा, गणिताचा वेगळा तज्ज्ञ मिळत नाही, पण केंद्रातल्या सगळ्या शाळा शिक्षण परिषदेला एकत्र आल्या की कोणाचं तरी काहीतरी चांगलं असतंच. आफ्रिकेतल्या मुख्यतः फ्रेंच भाषिक देशांनीही 1993 मध्ये करार करून 'अफ्रिस्टॅट' नावाची सामायिक संस्था काढली, ती मालीच्या बामाको शहरात आहे. 1999 मध्ये पॅरिसला देणगीदार आणि गरीब देश यांची 'पॅरिस 21' नावाची भागीदारी झाली. प्रत्येक देशाने काही वर्षांचा आपला सांख्यिकी आराखडा करावा, हा तिचा आग्रह आहे.

आराखड्यात काय असतं? माझ्या समजुतीप्रमाणे सगळ्यात आधी व्याख्या. पैसा, संगणक, टॅबलेट नंतर. जनगणनेत कुटुंब म्हणजे साधारणपणे एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसं. दोन भाऊ एका वाड्यात राहतात पण चुली वेगळ्या, तर कुटुंबं दोन. एका देशाने चूल मोजली आणि शेजाऱ्याने घर मोजलं तर दोघांच्या आकड्यांची तुलना करून काय हाती लागणार?

शाळाबाह्य मुलांचंच पाहा. आपल्याकडे 6 ते 14 वयाचं मूल एक महिन्यापेक्षा जास्त सलग गैरहजर असेल तर ते शाळाबाह्य. दुसऱ्या राज्यांत ही मुदत वेगळी असते. मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या भागांतली कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जातात, काही कर्नाटकात. मूल इथल्या पटावर आहे, पण झोपतं तिथल्या कोपीत. इथे ते 'स्थलांतरित', तिथे कोणाच्या यादीतच नाही. किंवा दोन्हीकडे आहे आणि आकडा दुप्पट. ज्या यादीत ते नाही त्या यादीवर पुस्तकं, आहार, शिक्षक मंजूर होतात. शिक्षण हमी कार्ड याचसाठी आहे, पण पलीकडच्या शाळेने ते ओळखलं तरच त्याचा उपयोग. एकाच देशातल्या दोन राज्यांत हे अवघड आहे, तर दोन देशांमधून जाणाऱ्या मजुराच्या लेकराचं काय होत असेल, याचा विचार करा. त्याला मोजायचं तर दोन्ही देशांचं आधी बोलणं झालेलं असलंच पाहिजे.

एक धोकाही आहे. एकत्र नियोजन म्हणजे वरून आलेले नवनवे नमुने, असं व्हायला वेळ लागत नाही. पैसे देणाऱ्याला एक माहिती हवी, देशाला दुसरी. भरणारा माणूस मात्र एकच! तीच पटसंख्या तीन तक्त्यांत लिहिणाऱ्यांना यावर अधिक काय सांगू? पद्धत, प्रशिक्षण, तज्ज्ञ, शब्दांचे अर्थ हे जरूर वाटून घ्यावं. काय मोजायचं आणि त्याचं काय करायचं, हे ज्याचं त्याने ठरवावं.

आता वर्गातलं काम. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 ठरली आहे, आपल्यातले बरेच जण प्रगणक म्हणून दारोदार जातील. त्याआधी मुलांकडून हे करून घ्या. मैदानावर चुन्याने 3 बाय 3 मीटरची जागा आखून त्यात चिंचोके पसरा. चार गट करा आणि प्रत्येक गटाला 1 मीटर बाजूच्या चौकोनापुरती दोरी द्या. प्रत्येक गट आळीपाळीने त्याच एका ठिकाणी दोरी ठेवून आतले चिंचोके मोजेल. रेषेवरच्या चिंचोक्यांबद्दल काहीच सांगू नका. चार आकडे फळ्यावर लिहा, ते सहसा जुळत नाहीत. मग भांडू द्या थोडं. नियम मुलांनाच करू द्या : अर्ध्याहून जास्त आत असेल तर घ्यायचा, किंवा दोन बाजूंच्या रेषेवरचे घ्यायचे आणि उरलेल्या दोन बाजूंचे सोडायचे. पुन्हा मोजा, आणि दोन्ही वेळच्या सगळ्यात मोठ्या व सगळ्यात लहान आकड्यांतला फरक काढा. सहावी-सातवीला टक्केवारीही काढता येईल.

दोरी सुतळीची घ्या. नायलॉनची दोरी ओढली की ताणते, आणि मग फरक मुलांचा की दोरीचा, तेच कळत नाही.