सोमवारची पोटदुखी

आमच्या विहारातल्या अभ्यासिकेत सहावीतली एक मुलगी येते. मागच्या पावसाळ्यात ती दर सोमवारी सकाळी पोट धरून बसू लागली. आईने आधी ओवा दिला, मग जंताची गोळी. मग डॉक्टरांकडे नेले. लघवीची तपासणी झाली, सोनोग्राफी झाली, काहीच निघाले नाही. शेवटी घरात ठरले की पोरगी शाळा चुकवायला सोंग करते. अभ्यासिका चालवणाऱ्या आम्हा चौघांनाही तसेच वाटले, हे आधीच कबूल करतो.

पोटदुखी खरी होती. भीती वाटली की मेंदू शरीराला धोक्याचा इशारा देतो. अ‍ॅड्रेनलिनसारखी संप्रेरके रक्तात उतरतात, छाती धडधडते, हातपाय गार पडतात आणि पचनाचे काम बिघडते. परीक्षेच्या दिवशी सकाळी दोनदा संडासला पळावे लागते, त्याचे कारणही हेच. मोठा माणूस म्हणतो, “माझा अपमान झाला.” दहा-अकरा वर्षांच्या लेकराला हे शब्द सुचत नाहीत. त्याला ‘पोट दुखतंय’ एवढेच सांगता येते.

म्हणून डॉक्टर टाळू नयेत. बद्धकोष्ठता, लघवीचा संसर्ग, मोठ्या मुलींमध्ये पाळी सुरू होणे, अशी कारणे आधी पाहिलीच पाहिजेत. दुखण्याने मूल रात्री झोपेतून उठत असेल, वजन घटत असेल, शौचातून रक्त जात असेल, वारंवार उलट्या होत असतील, तर वाट पाहू नये. पण तपासणीत काही निघाले नाही आणि दुखणे रविवारी व सुट्टीत गायब होत असेल, तर शाळेकडे बघा. बंद झालेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होते, डबा न खाता परत येतो, आवडता मित्र अचानक नावडता होतो, पेन-वह्या सारख्या हरवतात. आठवी-नववीचा मुलगा असेल तर तो रडत नाही, चिडतो. त्याला आपण उद्धट म्हणून मोकळे होतो.

आमच्या मुलीचे कारण कळायला दीड महिना लागला. “शाळेत काय झालं?” असे समोर बसवून विचारले की ती म्हणायची, “काही नाही.” एके दिवशी आमच्यातली एक ताई तिच्यासोबत शेंगा सोलत बसली होती. तिने सहज विचारले, “डबा कोणासोबत खातेस?” तेव्हा बांध फुटला. शिष्यवृत्तीची कागदपत्रे वर्गात सोमवारी गोळा व्हायची. बाई मोठ्याने नावे वाचायच्या, मुले उभी राहायची. जातीचा दाखला कोणाचा राहिला, तेही सगळ्यांसमोर विचारले जायचे. मागच्या बाकावरच्या मुलींनी तिचे नाव ‘फुकटवाली’ ठेवले होते. डब्याच्या वेळी तिच्या शेजारची जागा रिकामी राहायची.

आता आमची चूक. हे ऐकल्यावर आमच्यापैकी एकजण म्हणाला, “अगं, बाबासाहेब गोणपाटावर बसून शिकले. तू एवढ्याशा बोलण्यानं रडतेस?” मुलगी गप्प झाली आणि आठवडाभर अभ्यासिकेत आली नाही.

हे वाक्य आपल्या घराघरात बोलले जाते. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण त्याने लेकराचे तोंड बंद होते. बाबासाहेबांनी ते दुःख क्षुल्लक मानले नव्हते, हे आपण विसरतो. सन १९०१ मध्ये वडिलांकडे जाताना मसूर स्टेशनवर उतरलेल्या त्या लेकरांना जातीमुळे गाडीवान मिळेना, वाटेत पाणी मिळेना. त्यावेळी भीमराव साधारण नऊ वर्षांचे होते. तीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये त्यांनी हा प्रसंग बारीकसारीक तपशिलांसह लिहिला. शाळेतले गोणपाट आणि शिपाई नसेल तर तहानेले राहणे, तेही त्यात आहे. एवढ्या मोठ्या माणसालाही बालपणाची ती जखम विसरता आली नाही. मग आपल्या पोरीने एका सोमवारात कशी विसरावी?

मूल बोलू लागले की मधे तोडू नका. “तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही,” एवढे पुरे. त्याच संध्याकाळी दहा जण घेऊन शाळेवर जाऊ नका. दुसऱ्या दिवशी वर्गात एकट्याने बसायचे असते ते मुलाला. काय करूया, हे त्याला विचारा. डोळे मिटून आनापान करणे मन शांत करायला उपयोगी आहे, आम्ही अभ्यासिकेत रोज दहा मिनिटे करतो. पण अपमान गिळायचे औषध म्हणून ते देऊ नये.

आम्ही मुलीला विचारून, तिच्या आईसोबत मुख्याध्यापिकांना भेटलो. तारखा आणि बोललेले शब्द कागदावर लिहून नेले होते. बाईंच्या मनात वाईट नव्हते, पण वर्गात काय होते आहे याची त्यांना कल्पना नव्हती. आता कागदपत्रे पालकांकडून कार्यालयात घेतली जातात. चिडवणाऱ्या मुलींशी बाई वेगळ्या बोलल्या, तिला समोर उभे न करता.

सगळीकडे इतके सहज होणार नाही. तेव्हा लक्षात ठेवा, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षाच नव्हे, मानसिक छळ करण्यासही मनाई आहे. अनुदानित आणि सरकारी शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि वंचित घटकातील पालकांना त्यात प्रमाणानुसार जागा आहे. ती जागा रिकामी सोडू नका. तक्रार लेखी द्या, पोच घ्या.

मूल “मी नसतो तर बरं झालं असतं” असे बोलले तर ते नाटक समजू नका. मरावेसे वाटते का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. मुलाला एकटे सोडू नका, घरातली कीटकनाशके, गोळ्या कुलपात ठेवा आणि जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्या. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८.

आमच्या मुलीचे पोट दिवाळीपर्यंत अधूनमधून दुखतच होते. आता महिन्यातून एखाद्या वेळी दुखते. मागच्या बाकावरच्यांपैकी एकजण हल्ली तिच्याशेजारी बसून डबा खाते. बाकीच्या अजून लांबच बसतात.