यादी आणि यादीबाहेरचे



नाताळचा गोठा अजून उतरवलेला नाही, करंज्यांचा डबा तळाला लागला आहे आणि दरवर्षीप्रमाणे घरोघरी कुणीतरी वहीचे कोरे पान फाडून नव्या वर्षाची यादी करायला बसले आहे. आम्ही दोघेही परवा रात्री जेवणे आटोपून बसलो. नवी यादी करण्यापूर्वी जुनी पाहावी म्हणून पवित्र शास्त्र उघडले, कारण घडी घातलेले ते पान आम्ही त्यातच ठेवतो. गेल्या वर्षी अकरा कामे लिहिली होती. माळ्याची लादी, पतपेढीचे उरलेले हप्ते, वेलंकनीची यात्रा, रोज संध्याकाळी सर्वांनी मिळून रोझरी, असे बरेच काही. त्यांतली चार झाली. धाकट्या भावाशी बोलणे, हे काम तर सलग तिसऱ्या वर्षी यादीत होते. कुंपणाच्या भिंतीवरून सुरू झालेला तो अबोला आहे. भिंत केवढी, तर गुडघ्याएवढी.

जे घडले ते मात्र यादीत कुठेच नव्हते. मार्चमध्ये एका पहाटे आईला अर्धांगाचा झटका आला. वेलंकनीसाठी बाजूला ठेवलेले पैसे इस्पितळात गेले. रोझरीची वेळ ही आईला भरवण्याची वेळ झाली. तिसऱ्या रात्री धाकटा भाऊ थर्मासमध्ये चहा घेऊन आला, बाकड्यावर बसला आणि पहाटेपर्यंत उठला नाही. बोलणे झाले ते औषधांचे आणि पाण्याच्या मोटारीचे. भिंतीचा विषय निघाला नाही. पुढे तो आठवड्यातून दोनदा येत राहिला, मग पावसाळ्यात त्याचे येणे कमी झाले. समेट झाला असे आम्ही म्हणणार नाही. पण तीन वर्षे यादीत लिहून जे जमले नव्हते, त्याचा दरवाजा आईच्या खाटेपाशी थोडासा उघडला, एवढे खरे.

इथे एक सांभाळून बोलायला हवे. अचानक आलेल्या दुःखाला ‘देवाची भेट’ म्हणण्याची आपल्याला फार घाई असते, त्यातही दुःख शेजाऱ्याचे असेल तर जास्तच. आईचा झटका ही भेट नव्हती. आजही तिचा उजवा हात उचलत नाही, आणि कधी कधी ती रडते. त्या झटक्यात प्रभू आम्हाला सोडून गेला नाही, एवढेच आम्ही म्हणू शकतो. त्याहून मोठे वाक्य बोलायचे असेल तर ते आईने बोलावे.

लूकच्या शुभवर्तमानातील ख्रिस्तजन्माची कथा आपण नुकतीच ऐकली. त्या कथेची सुरुवात एका यादीनेच होते, हे आपल्या सहसा ध्यानात येत नाही. कैसर औगुस्ताने नावनिशीची आज्ञा केली म्हणून योसेफ आणि दिवस भरत आलेली मरिया नाझरेथहून बेथलेहेमला निघाली. साम्राज्यातील माणसे कागदावर मोजून घ्यावीत, ही कैसराची योजना. त्या मोजणीच्या धावपळीत, उतारशाळेत जागा नसताना, ज्याची कुणी गणती केली नव्हती तो जन्माला आला. योसेफाचा बेत तर त्याआधीच एकदा मोडला होता. मरियेला गुपचूप सोडून द्यावे असे त्याने ठरवले होते, आणि स्वप्नाने तो निर्णय फिरवला. पुढे इजिप्तला जावे लागले तेही रातोरात. सुताराच्या घरी कामाची काही आखणी असणारच. तिचे काय झाले असेल, याचा विचार केला तर योसेफ आपल्याला फार जवळचा वाटू लागतो.

मग याद्या करूच नयेत का? तसे नाही. संत इग्नेशियस लोयोला यांच्याइतका नेटका याद्या करणारा संत विरळा. एखादा दोष घालवायचा तर दुपारी आणि रात्री स्वतःला तपासा, चुकलात तेवढे ठिपके रेघेवर मांडा, आज आणि कालची, या आणि मागच्या आठवड्याची तुलना करा, असे त्यांनी ‘आध्यात्मिक साधना’ या आपल्या ग्रंथात शिकवले आहे. पण त्यांचे आयुष्य त्यांच्या यादीप्रमाणे गेले नाही. २० मे १५२१ रोजी पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला. अंथरुणावर त्यांनी शूर सरदारांच्या कथा वाचायला मागितल्या. त्या घरात नव्हत्या, म्हणून ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे हाती आली. पुढे जेरुसलेमला जाऊन तिथेच राहायचे ठरवले, तर १५२३ साली तिथल्या फ्रान्सिस्कन वरिष्ठांनी त्यांना परत पाठवले. १५३४ मध्ये पॅरिसला सात मित्रांनी पुन्हा जेरुसलेमचा नवस केला. व्हेनिसला ते जहाजाची वाट पाहत राहिले, पण तुर्कांशी युद्ध पेटल्यामुळे यात्रेकरूंचे जहाज सुटलेच नाही. मात्र त्या नवसात एक शहाणपणाची ओळ होती. जाणे जमले नाही तर पोपमहोदय पाठवतील तिकडे जायचे. त्यातूनच १५४० साली येशूसंघाला मान्यता मिळाली.

त्याच सुमारास पोर्तुगालच्या राजाने हिंदुस्थानसाठी धर्मगुरू मागितले. निवड झाली होती बोबादिया यांची. ते आजारी पडले आणि ऐनवेळी फ्रान्सिस झेवियर यांना निघावे लागले. ६ मे १५४२ रोजी ते गोव्याला उतरले. ज्यांच्या सणाला आपण दर ३ डिसेंबरला मिस्सेला जातो, ते आपल्याकडे आले ते एका आजारी माणसाची बदली म्हणून.

यादी करताना इग्नेशियस यांच्या नवसातली ती ‘जमले नाही तर’ची ओळ आपण विसरतो. याकोबाच्या पत्रातही (४:१३-१५) उद्याच्या व्यापाराचे बेत करणाऱ्यांना हेच सांगितले आहे. आता ‘प्रभूची इच्छा असेल तर’ हे शब्द मिस्सेला उशिरा येण्याची सबब म्हणूनही वापरले जातात, तो भाग वेगळा!

मार्कच्या पाचव्या अध्यायात प्रभू येशू याईराच्या मरणोन्मुख मुलीकडे निघाला आहे. काम तातडीचे आहे. वाटेत बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली एक स्त्री मागून त्याच्या वस्त्राला शिवते, आणि तो थांबतो. शिष्यांना ते थांबणे व्यर्थ वाटते. याईराला काय वाटले असेल? त्याची मुलगी तर तेवढ्यात मरण पावते. प्रभूने दोघींनाही जीवन दिले, हे आपल्याला शेवट माहीत असल्यामुळे सोपे वाटते. त्या रस्त्यावर उभ्या असलेल्या बापाला तो शेवट माहीत नव्हता. आपणही बहुतेक वेळा त्याच रस्त्यावर उभे असतो.

३१ डिसेंबरच्या रात्री कृतज्ञतेच्या मिस्सेपूर्वी घरी अर्धा तास काढता आला तर दोन कागद घ्यावेत. एकावर वर्षाच्या सुरुवातीला जे ठरवले होते ते, दुसऱ्यावर न ठरवता जे आले ते. दुसरा कागद बहुधा जास्त भरेल. त्यावर माणसांची नावे लिहावीत, घटनांपेक्षा ती लवकर आठवतात. इग्नेशियस यांच्या चिंतनाचा क्रम असा आहे: आधी आभार, मग प्रकाशासाठी याचना, मग उजळणी, मग क्षमायाचना आणि शेवटी पुढचा निश्चय. आपण निश्चयापासून सुरुवात करतो, म्हणून फेब्रुवारीत थकतो. ज्यांच्या दुसऱ्या कागदावर यंदा एखादे मरण आहे त्यांनी आभाराच्या पायरीवर अडखळले तरी चालेल. तिथेच बसून राहावे. तीही प्रार्थनाच आहे.

आमची नवी यादी सात ओळींची झाली. आठवी ओळ कोरी ठेवली आहे. भावाचे नाव चौथ्यांदा आले, फक्त या वेळी पहिल्या ओळीवर. १ जानेवारीला, देवमातेच्या सोहळ्याला, तो सकाळच्या मिस्सेला येतो आणि आम्ही संध्याकाळच्या. यंदा आईला शेजारी ठेवून आम्हीही सकाळच्याच मिस्सेला येणार आहोत.