जमिनीतला हीट पंप: हिंगोलीत बोअर मारण्याआधी खर्च तपासा

वसतिगृह, लॉज किंवा रुग्णालय चालवता आणि कुणी जमिनीतल्या उष्णतेवर चालणारा हीट पंप सुचवतोय? ॲडव्हान्स देण्याआधी हे वाचा.

काम कसे चालते? बोअरमध्ये यू आकाराचा पाइप सोडतात, त्यात पाणी फिरत राहते. थंडीत ते जमिनीची उष्णता वर आणते, उन्हाळ्यात इमारतीची उष्णता खाली सोडते. पंप उष्णता फक्त हलवतो, म्हणून १ युनिट विजेत ३ ते ४ युनिट उष्णता मिळते. उनकेश्वरसारखा गरम झरा लागत नाही.

बचत किती? १०० लिटर पाणी २० वरून ४५ अंशांवर न्यायला गीझरला सुमारे ३ युनिट लागतात, हीट पंपाला सुमारे १. युनिटला १० रुपये धरले तर रोज २० रुपये वाचतात. घरात थंडीच्या चार महिन्यांत अडीच हजारही वाचत नाहीत. घरासाठी हा खर्च करू नका. वसतिगृहात रोज १,००० लिटर, वर्षाला २०० दिवस लागत असतील, तर ४०,००० वाचतात. पण फक्त गरम पाणी हवे असेल तर हवेतून उष्णता घेणारा पंप पुरतो, बोअर लागत नाही. बोअरचा विचार मोठे एसीही चालवायचे असतील तरच करा.

खोदाई किती? ढोबळमानाने पंपाच्या क्षमतेच्या दर टनाला (एसी मोजतात तोच टन) १५० ते २५० फूट. फुटाला १०० रुपये धरले तरी ३ टनांची नुसती खोदाई ४५,००० ते ७५,००० रुपये. स्वस्तात आडवे चर खणून देतो म्हणणाऱ्याला नकार द्या: काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पाइपाला चिकटून राहत नाही.

कोटेशनमध्ये काय नसते? केसिंग, ठरावीक फुटांनंतर वाढणारा भाव, पाइपाभोवतीची भराई, जीएसटी, वार्षिक देखभाल. प्रत्येकाची रक्कम लेखी घ्या.

कागदपत्रे? भारवाढीसाठी महावितरणकडे ताजे वीजबिल आणि परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट न्या. २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे २०० फुटांपेक्षा खोल बोअर 'खोल विहीर' ठरते. परवानगी लागते का, हे भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात आधी लेखी विचारा. बोअरची गाडी नोंदणीकृतच बोलवा.

पैसे कधी द्याल? भराईआधी पाइपाची दाबचाचणी तुमच्यासमोर करून घ्या. पाइप गाडल्यावर गळती शोधणे फार अवघड असते. शेवटचा हप्ता एक उन्हाळा पंप नीट चालल्यावरच द्या, आणि ही अट करारातच लिहून घ्या.