सही करण्यापूर्वी शब्द समजून घ्या

वसई पूर्वेच्या वालीव, सातिवली, गोखिवरे पट्ट्यातील गाळ्यांत काम करणाऱ्या आपल्या बांधवांना इंग्रजी शब्द नवे नाहीत. ऑर्डर, बिल, चेक, ॲडव्हान्स हे तर रोजच्या बोलण्यातले. अडचण येते ती पुढच्या पायरीवर. परचेस ऑर्डरमागे बारीक अक्षरांत अटी छापलेल्या असतात आणि पैसे अनेकदा तिथेच अडकतात. आज त्यातील काही शब्द पाहू.

शॅल आणि मे : 'शॅल' म्हणजे बंधन, 'मे' म्हणजे मुभा. 'बायर मे रिजेक्ट' म्हणजे खरेदीदार माल नाकारू शकतो. 'सप्लायर शॅल रिप्लेस' म्हणजे तुम्हाला तो बदलून द्यावाच लागेल.

डिलिव्हरी आणि ॲक्सेप्टन्स : पहिला शब्द माल पोहोचल्याचा, दुसरा तो स्वीकारल्याचा. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्यात नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उत्पादकाच्या पैशांची मुदत ॲक्सेप्टन्सपासून मोजतात. लेखी करारात ती ४५ दिवसांहून जास्त ठेवता येत नाही. मुदत ठरलेलीच नसेल तर १५ दिवस.

डीम्ड : म्हणजे 'तसे मानलेले'. माल पोहोचल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर पोहोचल्याचा दिवसच स्वीकारल्याचा धरतात. हीच 'डीम्ड ॲक्सेप्टन्स'. म्हणून डिलिव्हरी चलनावर सही, शिक्का व तारीख घेतल्याशिवाय माल उतरवू नये.

नुसती खरेदी-विक्री करणाऱ्यांना थकबाकीची ही तरतूद लागू नाही. त्यांनी तर करारातील शब्द अधिकच जपून वाचावेत.

शब्द वाढवायचे कसे? डिक्शनरी पाठ करू नका. आपल्याच कागदांतील पाच शब्द दर आठवड्याला वहीत उतरवा आणि शब्दासोबत ते पूर्ण वाक्यही लिहा. एका शब्दाचे सारे कुटुंब एकत्र शिका : ॲक्सेप्ट, ॲक्सेप्टेड, ॲक्सेप्टन्स, ॲक्सेप्टेबल. सगळेच शब्द परके नाहीत. 'टॅरिफ' हा अरबी 'तारीफ'वरूनच आला आहे. कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींकडून अर्थ विचारण्यात कमीपणा नाही.

सूरह अल्-बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश आहे. लिहिलेले आपल्याला समजलेच नाही, तर त्या लिखाणाचा आधार कसा घेणार? पुढची ऑर्डर हाती येईल तेव्हा आधी तिची मागची बाजू वाचा, मगच सही करा.