गवती चहाचा सुगंध

पिंपरी-चिंचवड आणि चाकण या परिसरात आज कारखान्यांची दाटी झाली आहे. तरी तेथील घरांच्या अंगणांत गवती चहाचे ठोंब अजून आढळतात. त्याचे पाते चुरगाळताच लिंबासारखा सुवास दरवळतो. तो ‘सिट्रल’ नावाच्या द्रव्याचा होय. पात्यांतून वाफ सोडून जे सुगंधी तेल काढतात, त्यात साधारणपणे ७० ते ८० टक्के सिट्रल असते. खुद्द लिंबाच्या सालीच्या तेलात ते थोडेच असते.

सिट्रलपासून रसायनशास्त्रज्ञ ‘अ’ जीवनसत्त्व तयार करतात. या जीवनसत्त्वाच्या अभावी रातांधळेपणा जडतो. मात्र गवती चहा नुसता प्याल्याने ते मिळत नाही. त्यासाठी गाजर व पालेभाज्या खाव्यात. तथापि, अंगणातील या साध्या गवताला कोणी क्षुद्र लेखू नये.