बीदरच्या तटाखाली गलबते

माझ्या आजोबांची उभी हयात बीदरच्या मुन्सफ कचेरीत गेली आणि उदगीर तालुका 1956 पर्यंत बीदर जिल्ह्यातच मोडत असल्यामुळे आमच्या घराण्याची वारशाची व तंट्याबखेड्यांची सारी दफ्तरे त्याच शहराशी निगडित राहिली. म्हणून नांदेडच्या नव्या घराच्या दिवाणखान्यासाठी जुन्या बीदरच्या नकाशाची छापील प्रत हवी असे मी लातूरच्या एका सजावटकारास सांगितले, तेव्हा त्यात शोभेच्या हौसेपेक्षा पूर्वजांविषयीची कृतज्ञता अधिक होती. ‘पंधराव्या शतकातले बहामनी बीदर’ अशी ग्वाही देऊन त्या गृहस्थांनी सोनेरी चौकटीतले एक भलेमोठे चित्र भिंतीवर चढवले आणि रक्कम रोख मोजून घेतली.

चित्र देखणे होते, हे मी नाकारीत नाही. परंतु एके दिवशी कलते ऊन नेमके काचेवर आले आणि तटाखालचा जो पट्टा मी इतके दिवस मोकळे मैदान समजत होतो, त्यात पाण्याच्या बारीक लहरी आणि त्या लहरींवर शिडे उभारलेली गलबते स्पष्ट दिसू लागली. बीदर समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांहून उंच अशा जांभ्या दगडाच्या पठारावर वसलेले. त्याच्या किल्ल्याचा खंदक खडक फोडून काढलेला, आणि पाणी आणावयाचे तर जमिनीच्या पोटातून करेज खोदून आणावे लागले, असे ते शहर. तेथे समुद्रगामी गलबते कोठून येणार? मी चौकट उतरवून मागची पाठ उघडली. कडेचा जो भाग माउंटच्या पुठ्ठ्याखाली बेमालूम दडवला होता, त्यावर लॅटिन भाषेत गोव्याचे नाव छापलेले होते.

पुढे चौकशीअंती उलगडा झाला तो असा : ब्राउन आणि होगेनबर्ग यांनी 1572 साली कोलोन येथून नगरचित्रांचा जो सुप्रसिद्ध ग्रंथ काढावयास आरंभ केला, त्यातील एकाच पानावर दीव, गोवा आणि मोरोक्कोची दोन शहरे अशी चार चित्रे आहेत. त्यांतले गोवे कापून काढून, अनेक पटींनी फुगवून, ते माझ्या गळ्यात मारण्यात आले होते. जवळून पाहिल्यास रेषा पसरट व फुटीर का दिसतात, याचेही कारण तेच.

नकाशा चुकीचा निघाला याहून मला अधिक झोंबले ते त्या गृहस्थांचे उत्तर. ‘‘अहो साहेब, त्या काळी मांजरा मोठी असेल,’’ असे ते प्रथम म्हणाले. आणि मी माउंटखालचे नाव दाखवताच, ‘‘येणाऱ्या पाहुण्यांना कुठे कळणार आहे?’’ असे म्हणून त्यांनी पानाचा डबा पुढे सरकवला. ज्या शहरात महमूद गावानने 1472 मध्ये मदरसा उभारला, त्या शहराच्या नावावर वाटेल ते खपवावे आणि आमच्या मुलखातील माणसास ते कळणारच नाही असे गृहीत धरावे, हा अपमान माझ्या एकट्याचा नव्हे. पैसे परत मिळाले नाहीत. बदली म्हणून सूर्योदयाचे एक चित्र देऊ केले गेले, ते मी स्वीकारले नाही.

ज्यांना असे नकाशे लावावयाचे असतील त्यांनी पावतीवर शहराचे नाव, मूळ ग्रंथ, छपाईचे साल आणि मूळ चित्राची लांबीरुंदी एवढे लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. माझ्या पावतीवर ‘जुना नकाशा, नग एक’ एवढेच होते आणि त्या चार शब्दांवर कोणतीही दाद मागता येत नाही. माउंट लावण्यापूर्वी कागद चारही कडांसह डोळ्यांखालून घालावा. फ्रेमवाला कागद हार्डबोर्डावर सरसकट चिकटवू पाहतो, ते करू देऊ नये : पावसाळ्यात कागद फुगतो, खळीला कसर लागते आणि तो पुन्हा सुटा करता येत नाही. काच व कागद यांत माउंटमुळे फट राहिली पाहिजे. मराठवाड्याचे ऊन पडते ती पश्चिमेची भिंत तर वर्ज्यच समजावी. बाकी, विश्वासू माणसाकडून घ्यावे वगैरे सर्वांस ठाऊकच आहे.

गोवेच हवे असेल, तर 1583 ते 1588 या काळात तेथे आर्चबिशपच्या पदरी चिटणीस असलेल्या लिन्शोटेनच्या 1596 च्या ग्रंथातला मोठा नकाशा मागावा. तो स्वतः ते शहर पाहिलेल्या माणसाचा आहे. बीदरसाठी मात्र निजाम सरकारच्या पुराणवस्तू खात्याचे गुलाम याझदानी यांचा 1947 चा ग्रंथ धुंडाळावा. त्यातले आराखडे प्राचीन नाहीत आणि त्यांत सोनेरी थाटही नाही. पण मोजमाप घेऊन काढलेले आहेत. माझ्या दिवाणखान्यात आता त्यातील एकाची साधी प्रत आहे. लातूरच्या त्या दुकानात मात्र तीच गलबते परवा ‘देवगिरी’ या नावाखाली टांगलेली पाहिली आणि किंमत विचारीत उभ्या असलेल्या एका गृहस्थांस मी तेथल्या तेथे शिडे बोटाने दाखवून दिली.