घरातल्या सायकलवर दमसास वाढतो का?

प्रश्न : माझं वय ४६. दिवसभर दुकानात बसून काम असतं. या जुलैत पन्हाळा–पावनखिंड मोहिमेला जायचं आम्हा मित्रांचं ठरलंय. घरी चार वर्षांपूर्वी घेतलेली एक्सरसाइज सायकल आहे. ती परत वापरायला काढली आणि रोज रात्री अर्धा तास चालवतो. मीटरवर पंधरा किलोमीटर दिसतात. जागच्या जागी फिरणाऱ्या चाकावर खरोखर दमसास वाढतो का? आमच्या तालमीतले जुने वस्ताद म्हणतात, ते सोड आणि पन्हाळ्याला चालत जा.
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : वाढतो, आणि चांगला वाढतो. वस्तादही चुकीचं सांगत नाहीत, पण ते दमाबद्दल बोलत नसून पायांबद्दल बोलताहेत. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

आधी दम. आपण घाटात आहोत की खोलीत, हे हृदयाला कळत नाही. मांड्यांचे मोठे स्नायू प्राणवायू मागतात, तो पुरवायचा, एवढंच त्याचं काम. हे काम आठवड्यातून चार दिवस सलग करायला लावलं की आधी अंगातल्या रक्ताचा द्रवभाग वाढतो. त्याला दोन आठवडेही पुरतात. मग हृदय एकेका ठोक्यात जास्त रक्त पुढे ढकलू लागतं. स्नायूंमध्ये केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं आणि पेशींतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रिया वाढतात. अमेरिकेत जॉन होलोझी यांनी १९६७ साली पळायला लावलेल्या उंदरांच्या स्नायूंत हा बदल दाखवून दिला. जागच्या जागी फिरणाऱ्या सायकलचं म्हणाल, तर माणसाचा दम मोजायला शास्त्रज्ञ शंभर वर्षांहून जास्त काळ तीच वापरतात. केशवाहिन्यांवरच्या कामासाठी १९२० चं नोबेल मिळवणारे डेन्मार्कचे ऑगस्ट क्रोग यांनी १९१३ मध्ये विद्युतचुंबकाने चाक रोखणारी सायकल बनवली होती. आज घरोघरी असलेल्या मॅग्नेटिक सायकलचं तत्त्व तेच आहे. धातूचं चाक चुंबकाजवळून फिरतं, त्यात वीज घुमते आणि तीच चाकाला मागे ओढते.

मात्र मीटरवरचे पंधरा किलोमीटर मनातून काढून टाका. घरगुती सायकली बहुतेक वेळा पेडल किती वेळा फिरलं त्यावरून अंतर मांडतात. वारा नाही, चढ नाही, अंगाचं वजन ओढायचं नाही. लोड कमी ठेवून पाय गरागरा फिरवले तरी आकडा फुगतो. त्याऐवजी घड्याळ पाहा आणि श्वासाकडे लक्ष द्या. शेजारी बसलेल्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता येतंय, पण गाणं म्हणायला गेलात तर श्वास पुरत नाही, हा तुमचा रोजचा वेग. नाडीच्या हिशेबात सांगायचं, तर २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करा. ४६ व्या वर्षी जास्तीत जास्त ठोके साधारण १७६ येतात, त्याच्या साठ ते सत्तर टक्के, म्हणजे दर मिनिटाला १०६ ते १२३ च्या दरम्यान राहा. हा अंदाज आहे, माणसागणिक दहा ठोके इकडेतिकडे होतात.

एप्रिल चालू आहे, म्हणजे हातात बारा आठवडे आहेत. अर्धा तास पुरणार नाही. चार दिवस ठेवा आणि त्यातला रविवार लांबवत न्या. दर आठवड्याला पाच-पाच मिनिटं वाढवली तर जूनअखेर दीड तासाच्या जवळ पोचाल. पाचव्या आठवड्यापासून एक दिवस जोराचा करा : चार मिनिटं असं चालवायचं की दोन शब्दांपुढे बोलता येऊ नये, मग तीन मिनिटं हलकं, असं चार वेळा. सीटची उंची आधी तपासा. टाच पेडलवर ठेवून पेडल अगदी खाली नेलं की पाय सरळ झाला पाहिजे. सीट खाली राहिली की गुडघ्याची वाटी दुखते, आणि मग दोष सायकलला दिला जातो.

पंखा समोर हवाच. आपलं शरीर खर्चलेल्या ऊर्जेचा जेमतेम पाव हिस्सा पेडलपर्यंत पोचवतं. तुम्ही १०० वॅटचं काम करत असाल, तर सुमारे ३०० वॅट नुसती उष्णता अंगातून बाहेर पडते. रस्त्यावर वारा ती घेऊन जातो, बंद खोलीत ती अंगावरच राहते. मग तेवढ्याच मेहनतीला नाडी चढत जाते आणि माणसाला वाटतं, आज आपला दम कमी पडला. खिडकी उघडी ठेवा, मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी जवळ ठेवा.

आता वस्तादांचं म्हणणं. १२ जुलै १६६० च्या रात्री शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटले ती वाट तुम्ही चालणार आहात. पन्हाळ्यावरून उतरायचं, मसाई पठार ओलांडायचं, मग चिखल, ओढे, भातखाचरं आणि परत परत चढ-उतार. सगळं मिळून सुमारे ५० किलोमीटर, तेही आषाढातल्या पावसात. मोहिमेला जाऊन आलेल्यांना विचारा, दुसऱ्या दिवशी काय दुखत होतं. बहुतेक जण मांड्यांचा पुढचा भाग दाखवतील, आणि तो चढाने नव्हे, उताराने दुखलेला असतो. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचा भार तोलून धरतो. सायकलवर हे कधीच घडत नाही. तिथे स्नायू फक्त आखडत पेडल दाबतो, आणि वर येणारं पेडल पाय आपोआप उचलून देतं. म्हणून महिनोन् महिने सायकल चालवलेला, दमाने पक्का माणूसही पहिल्याच मोठ्या उतारावर लटपटतो.

आपल्या तालमीत यावर उपाय पूर्वीपासून आहे : बैठका. बैठकीत खाली जाताना मांडीला नेमकी तीच मेहनत पडते. सायकलवरून उतरलात की सावकाश, खाली जायला तीन आकडे मोजत, दहा-दहाच्या तीन खेपा काढा. गुडघा पूर्ण मोडायला त्रास होत असेल तर खुर्चीपर्यंतच. दर पंधरवड्याला एकदा पन्हाळा किंवा जोतिबा पायी उतरा, मोहिमेचेच बूट घालून आणि पाठीवर सॅक घेऊन. स्नायूने एकदा उतार सोसला की काही आठवडे तो त्याची आठवण ठेवतो आणि पुढच्या खेपेला कमी दुखतो. शेवटचा मोठा उतार मोहिमेच्या दोन आठवडे आधी झाला पाहिजे. त्याच्या मागे-पुढे नको.

जूनमध्ये पंचगंगा फुगू लागली आणि बाहेर पडणं कठीण झालं की घरातली सायकल कामाला येईल. पावसामुळे मेहनत बुडाली, असं म्हणायची वेळ येणार नाही. शेवटच्या आठवड्यात मात्र वेळ निम्म्यावर आणा.

तुम्ही बैठं काम करता आणि पंचेचाळिशी ओलांडली आहे. जोराचा दिवस सुरू करण्याआधी रक्तदाब, साखर आणि ईसीजी तपासून घ्या. छातीत दडपण, चक्कर किंवा डाव्या हातात कळ आली तर त्याच क्षणी उतरा आणि दवाखाना गाठा. मित्रांनाही हे सांगा, कारण पावनखिंडीच्या वाटेवर गाडी लवकर पोचत नाही.